चार मापटी मीठ

कुणाच्याही घरात आक्का पुढच्या दारानं आल्याचं मला आठवत नाही. मागच्या दारानं यायच्या आणि कुणाशी काही बोलायच्या आधी चुलीवरच्या भांड्यांची झाकणं उचलून बघायच्या. आमटी असली तर बोट बुडवून चाटायच्या. भांडं रिकामं असलं तर झाकण आवाज न करता पुन्हा ठेवायच्या आणि भलत्याच विषयावर बोलायला लागायच्या. मग संध्याकाळी त्या घरी निरोप जायचा, "आमच्या जोंधळ्यात किडं पडाय लागल्यात. दोन पायल्या घेऊन जावा, तेवढीच माझी राखण वाचंल." बारा महिने त्यांच्या जोंधळ्याला किडे पडत होते, आणि त्यांच्या घरात मी एकही किडा कधी पाहिला नाही.

माझ्या घरातलं झाकण त्यांनी पहिल्यांदा उचललं तेव्हा मला कोल्हापुरात येऊन आठ दिवस झाले होते. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. आमच्या ह्यांना साखर कारखान्यात फिटरच्या हाताखाली काम मिळालं, म्हणून आम्ही कसबा बावड्याच्या कडेला एका गोठ्यामागची खोली घेतली होती. मी खानदेशातली, तापीकाठची. चौथी झाले आणि आई गेली, धाकट्या दोघांना सांभाळायचं म्हणून शाळा सुटली. माहेर दोन दिवसांच्या वाटेवर. इथली बोली कानावर पडली की मला वाटायचं, आता मारामारी होणार. दोन बायका एकमेकींना वाण्याचं दुकान कुठं आहे ते विचारत असल्या तरी मी दार लावून घ्यायची. लावलेली कडी पुन्हा बघायची. अर्ध्या वाटेतून परत येऊन तिसऱ्यांदा बघायची.

तर आक्का आत आल्या आणि त्यांनी झाकण उचललं.

"ह्ये काय गं? काळं का हाय?"

"आमच्याकडचा मसाला आहे."

"करपलाय व्हय?"

"नाही. तो तसाच असतो."

त्यांनी बोट बुडवून चाटलं आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. मी पदर तोंडाशी धरला होता. "मसाला झ्याक हाय," त्या म्हणाल्या, "पर घालताना हात भ्यालाय तुझा. कांडाय येतंय का?"

"येतं," मी म्हटलं. मी जन्मात मिरची कांडली नव्हती. पण नाही म्हटलं तर काय होईल, हे मला ठाऊक नव्हतं.

"मग उद्या ये. डोस्क्याला फडकं बांधून ये."

दुसऱ्या दिवशी गेले तर आक्कांच्या डोक्याला फडकं नव्हतं, फेटा होता. चांगला गुलाबी, जरीच्या काठाचा. नवऱ्याचा. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मिरच्या भाजताना ठसका बसू नये म्हणून आक्का तो फेटा डोक्याला गुंडाळायच्या आणि त्याचा मागं सुटलेला शेमला नाकावरून घेऊन कानामागं खोचायच्या. लुगडं नेसलेलं, कपाळ रिकामं आणि वर हा फेटा. एखाद्या वरातीतून चुकून इकडं वळल्यासारख्या दिसायच्या. नव्या माणसाला हसू यायचं. मला नाही आलं, मला भीती वाटली. मग बाकीच्या बायका माझ्या भीतीला हसल्या.

चैत्र-वैशाखात तिकडं घरोघर वर्षाचा कांदा-लसूण मसाला होतो. एकटीच्या हातानं ते काम उरकत नाही. म्हणून पैरा. आज सगळ्यांनी तुझ्या घरी कांडायचं, उद्या सगळ्यांनी माझ्या घरी. मजुरी नाही, हातावर हात. शेतात तर हे पूर्वीपासून होतंच. आक्कांनी त्याला एक शेपूट जोडलं. ज्या घरचा मसाला होईल त्या घरानं एक मापटं, म्हणजे अर्धा शेर, मसाला आक्कांच्या चिनी मातीच्या बरणीत टाकायचा. त्या बरणीतला मसाला विकायला, आणि बरणी संपत आली की एरवीही थोडं थोडं कांडप व्हायचं. आधी तो एकट्या राहणाऱ्या एका मास्तरांना गेला, मग कारखान्याच्या चाळीत गेला, मग चाळीतल्या बायकांच्या बहिणींना गेला. मी आले तेव्हा आक्का धरून सात बायका होत्या, दोन बरण्या होत्या, आणि मसाल्याला नावच नव्हतं. लोक "बावड्याच्या बायकांचा" म्हणून मागायचे.

माल झाला की नाही हे ठरवायची आक्कांची रीत अशी होती. चिमूटभर मसाला तळहातावर घ्यायच्या, नाकाजवळ नेऊन हलकी फुंकर मारायच्या आणि थांबायच्या. अख्खं अंगण थांबायचं. एक शिंक आली तर माल तयार. दोन आल्या तर कांडप जाडं राहिलंय, पुन्हा उखळात. शिंक आलीच नाही तर मिरची जुनी, ती आणली कुणी याची चौकशी. एकदा आक्कांना सर्दी झाली तेव्हा तीन दिवस काम बंद होतं.

एकदा पंचायतीकडून एक साहेब आले. बायकांनी मंडळ काढावं, नोंदणी करावी, मदत मिळेल, असं चांगलंच सांगत होते. वही उघडून त्यांनी विचारलं, "अध्यक्ष कोण?"

आक्कांनी उखळाकडं बोट दाखवलं. "ह्ये. मधी बसतंय आणि समद्यांचा मार खातंय."

साहेब हसले नाहीत. "आणि सचिव?"

"सचिव काय करतोय?"

"सगळ्यांचं लिहून ठेवतो."

"मग नगं," आक्का म्हणाल्या. "इथं एकमेकीचं समद्यास्नी पाठ हाय."

तेही खरं होतं. कुणाच्या घरी किती दिवस हात गेले, कुणाचे किती परत यायचे, बाळंतीण कोण, कुणाची सासू अंथरुणावर, हे सगळं सातहीजणींना तोंडपाठ असायचं. बाळंतिणीचे हात माफ. सासूवाल्या बाईनं दुपारनंतर अर्धा दिवस यायचं. कुणी ठरवलं होतं म्हणून नाही. आक्का एवढंच म्हणायच्या, "जिची अडचण खरी हाय ती सांगत न्हाय. जी सांगती तिची बघू."

त्या सातजणींत दोघी जावा होत्या, थोरली आणि धाकटी. एका म्हशीच्या वाटणीवरून दोघींचा दीड वर्षं अबोला. एका घरात दोन चुली, मधे शेणानं सारवलेली रेघ. आक्कांनी त्यांना एका उखळावर उभं केलं. एका उखळात दोन मुसळं म्हणजे एक वर जातं तेव्हा दुसरं खाली येतं. जरा लय चुकली तर मुसळावर मुसळ, नाहीतर बोटं. पहिला दिवस दोघी नुसत्या धुमसत होत्या. दुसऱ्या दिवशी थोरली आपल्या मुसळाकडं बघून म्हणाली, "जरा बेतानं म्हणावं." धाकटी स्वतःच्या मुसळाला म्हणाली, "बेतानंच चाललंय म्हणावं." तिसऱ्या दिवशी दोघी म्हशीवरून मोठ्यानं भांडल्या, मुसळं न थांबवता. तो मसाला इतका बारीक कांडला गेला की आक्कांना अर्धीच शिंक आली.

पुढं गावात कांडपाची विजेवरची गिरणी आली तेव्हा बायका म्हणाल्या, आक्का, आता हात कशाला दुखवायचे. आक्का गिरणी बघून आल्या. "मशीन ब्येस हाय," म्हणाल्या, "पर तिथं कुणाचं कुणाशी बोलायचं कामच पडत न्हाय." मग कांडप गिरणीत द्यायला लागल्या, पण भाजणं आणि कालवणं अंगणातच, आणि जोड्या त्याच लावायच्या. शेवटपर्यंत. मी तेव्हा तिथं नव्हते. ह्यांची नोकरी बदलली, मी नाशिकला आले. पण चैत्रात डबा यायचा आणि डब्याबरोबर निरोप, कधी कुणाच्या हाती लिहून, कधी नुसता तोंडी. आता डबाही येत नाही. आक्का गेल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं. इतक्या लांबचं माणूस, कोण कळवणार, असं मी स्वतःला समजावलं. मग भाभीचं पत्र आलं, की तुला सांगायचं धाडस कुणाला होत नव्हतं.

भाभी म्हणजे तांबोळ्यांची भाभी, आमच्या सातजणींतली. तिचं येईलच पुढं.

आक्कांचा एक नियम होता, आणि तोच मला भारी पडत होता. त्यांचं म्हणणं, जे माणूस आपल्याशी एकदाबी भांडलं न्हाय ते अजून पावणंच. पैऱ्यात नाव घ्यायचं ते भांडण झाल्यावर. तोवर कामाला ये, खा, पी, पण पावणी म्हणून. पावणीला बशीतून चहा. पावणीला जड मुसळ नाही. आणि पावणीच्या घरी कुणी कांडायला जायचं नाही, म्हणजे तिचा स्वतःचा मसाला पैऱ्यात होणार नाही. बाकीच्या सहाजणी कधी ना कधी आक्कांशी भांडल्या होत्या. भाभी तर पहिल्याच दिवशी लसणाच्या प्रमाणावरून भांडली आणि दुपारपर्यंत आत आली.

माझ्याशी भांडण काढायला आक्कांनी पाच महिने घालवले. माझ्या भाकरीला नाव ठेवलं. मी म्हटलं, "हो आक्का, जाड झाली." माझ्या काळ्या मसाल्याला राख म्हणाल्या. मी म्हटलं, "हो, जरा तसा दिसतो." एकदा तर माझ्या समोर, मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "खानदेशात बायकांस्नी जीभ देत न्हाईत वाटतं." मी हसले. भांडायचं कशावर? त्या मला माणसांत घेऊन आल्या होत्या. कुणी रागावलं तर पुन्हा त्या गोठ्यामागच्या खोलीत मी आणि कडी. मी त्यांचं सगळं ऐकत राहिले आणि पावणी राहिले. रात्री ह्यांना म्हणायची, "मी चुकते कुठं?" ते म्हणायचे, "चुकत नाहीस हेच चुकतंय बहुतेक." मला ते कळायचं नाही.

एक चूक मात्र माझ्या नावावर होती. सुरुवातीला एकदा सगळ्यांसाठी आमटी केली तेव्हा मी मीठ विसरले होते. कुणी काही बोललं नाही, सगळ्यांनी जेवण संपवलं. मला घरी गेल्यावर कळलं. तेव्हापासून मीठ घातलं की मी दहादा विचारायची, मी घातलं ना? तुम्ही बघितलं ना?

त्या वर्षी वैशाखात शहरातल्या एका मोठ्या खाणावळीनं मसाला मागितला. तोवर आमचा मसाला ओळखीतून ओळखीत गेला होता. हा पहिलाच माणूस, ज्याला आम्ही ओळखत नव्हतो आणि तो आम्हाला. दहा किलो मिरचीचा माल एकदम. तो पसंत पडला तर दरवर्षी, नाहीतर पुन्हा मास्तर आणि चाळ. आक्कांनी कामं वाटली. भाजायला स्वतः, कांदा तळायला भाभी, कांडायला दोघी जावा आणि इतर. मला म्हणाल्या, "तू मीठ घाल. एक मापटं, कालवताना. ह्येवढंच."

एवढंच, म्हणजे बाकी मला काही जमणार नाही, हे मला समजलं. पण मीही ठरवलं, हे एवढं तरी नीट करायचं. दुपारी सगळा माल अंगणात धुतलेल्या धोतरावर पसरला. बायका चहाला ओसरीत गेल्या. मी मापटं भरलं, बोटानं वरून सपाट केलं, आणि चारी कोपऱ्यांतून सारखं पेरलं. मग चहाला गेले. बशीतून चहा प्याले. त्या दिवशी मी कुणालाही विचारलं नाही, की मी मीठ घातलं ना. मला माहीत होतं.

कालवून झालं. आक्कांनी तळहातावर चिमूट घेतली, फुंकर मारली. एक शिंक आली. सगळ्या हसल्या. मग आक्कांनी जिभेच्या टोकाला लावलं, आणि हसणं थांबलं. त्या उठल्या, मोरीत थुंकल्या, तांब्याभर पाणी प्याल्या. परत येऊन धोतराच्या कडेला बसल्या आणि डोक्याचा फेटा काढून मांडीवर ठेवला.

"मीठ कुणी घातलं?"

"मी," मी म्हटलं.

"किती?"

"एक मापटं."

"एका मापट्यानं असं होत न्हाय, पोरी. समिंदर झालाय."

 मला नीट आठवत होतं, मी एकदाच घातलं. सपाट करून घातलं. पण मी तीच, जी तीनदा कडी बघते. पुन्हा घातलं असेल का? विसरून, पुन्हा, पुन्हा? क्षणभर मला माझ्या हातांवर विश्वास राहिला नाही. दहा किलोचा माल, सातजणींचे हात, आणि बाहेरच्या माणसाला दिलेला शब्द, सगळं त्या धोतरावर पसरलेलं होतं.

"मीच घातलं असेल जास्त," मी म्हटलं. "माझ्या लक्षात राहत नाही."

 मग थोरली जाऊ जमिनीकडं बघत म्हणाली, "एक मापटं मी टाकलं. ही इसरली आसंल म्हणून."

धाकटीनं तिच्याकडं बघितलं. "तुम्हीबी? मी एक टाकलं की. चहावरून येताना."

"या अल्ला," भाभी म्हणाली आणि कपाळाला हात लावला. "मैं भी. मला वाटलं, बिचारीला पुन्हा बोलणी बसतील."

तीन बायका, तीन मापटी, आणि तिघींनी एकमेकींना न सांगता, मला वाचवायला. आज मला ते आठवलं की त्यांचं कौतुक वाटतं. तेव्हा नाही वाटलं. तेव्हा डोक्यात काहीतरी तडकलं.

"मला विचारलं का नाही?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "मी समोर बसले होते. बशीतून चहा पीत होते. तोंडानं विचारता येत नव्हतं? एकदा आमटीत विसरले, एकदा, तर जन्मभर मी विसरणारीच का? आणि तुम्ही आक्का, तुम्ही मला मीठच का दिलं? कारण ते पोरसोर पण घालतं म्हणून. पाच महिने झाले मला, पावणी, पावणी. पावणीला कुणी राबवून घेतं का? जड मुसळ द्यायचं नाही, माझ्या दारात यायचं नाही. माझा काळा मसाला राख म्हणता आणि चाटूनपुसून खाता. मी बघितलंय तुम्हाला."

बोलता बोलता वाटत होतं, संपलं, आता चपला घालायच्या आणि जायचं.

आक्का ऐकत होत्या. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "झालं का आजून हाय?"

"आहे," मी म्हटलं. "भाकरी जाड नव्हती माझी."

"न्हवतीच," आक्का म्हणाल्या. मग थोरलीकडं वळून, जणू भाजीचा भाव सांगावा तशा म्हणाल्या, "हिचं नाव पैऱ्यात घ्या. ह्ये उरकलं की हिच्या घरी कांडप. अंगण न्हाय तिला, गोठ्यातली म्हस भाईर बांधाय सांगा."

एवढं बोलून त्या कामाला लागल्या, कारण रडायला वेळ नव्हता. चार मापटी मीठ जिरवायचं तर चौपट माल लागणार. घरोघर वर्षाचा मसाला होऊन गेला होता, पण फोडणीची, लोणच्याची, मागं-पुढं लागेल म्हणून राखलेली मिरची प्रत्येकीकडं होती. ती सुपांतून, टोपल्यांतून आली. तरी कमी पडली. धाकटीचा बाप संकेश्वराकडं मिरची लावायचा. तिनं एस्टीच्या कंडक्टरकडं निरोप दिला, दुसऱ्या दिवशी पोतं आलं. भाभीनं तिच्या गल्लीतल्या बायका कांदा चिरायला आणल्या, ज्यांनी आक्कांना कधी पाहिलंही नव्हतं. तिसऱ्या दिवशी मसाल्याचा डोंगर झाला. मीठ अगदी बरोबर होतं. खाणावळीचा माल गेला आणि पसंतही पडला. पण उरलेला तिप्पट डोंगर अंगणात तसाच होता, आणि त्यात सगळ्यांच्या घरची मिरची होती.

"वैशाख हाय," आक्का म्हणाल्या. "पोरी म्हायेराला जात्यातच. समद्यांनी डबा घेऊन जायाचं. आईला द्या, भावजयीला द्या, वाड्यावरच्या समद्यांस्नी चव दावा. भरल्याला डबा परत आणायचा न्हाय."

डबे भरले गेले. माझ्यासमोर डबा आला तेव्हा मी म्हटलं, "माझा राहू द्या. माझं माहेर दोन दिवसांच्या वाटेवर. इकडं आल्यापासून मी एकदाही गेले नाही, आणि गेले तरी तिथं लाल मसाला कोण खाणार." भांडायचं धैर्य तेवढ्यात संपलं होतं. पैऱ्यात आले खरी, पण पहिल्याच वाटणीत माझा हात रिकामा.

आक्कांनी डबा बंद केला. "उद्या सकाळी एस्टीला ये. तू आन मी."

"कुठं?"

"हुपरीला. माझं म्हायेर हाय."

डब्यांची झाकणं लावणारे हात थांबले. आक्का आत गेल्यावर थोरलीनं मला बाजूला घेऊन सांगितलं. हुपरीला आक्कांचा भाऊ. भाच्याच्या लग्नात हळद कुटायला आक्का पदर खोचून उखळाशी बसल्या, आणि भावजय सगळ्यांदेखत म्हणाली, वन्सं, तुम्ही उठा, तुमचा हात नको. नवरा नव्हता म्हणून. भाऊ तिथंच उभा होता, काही बोलला नाही. आक्का तशाच उठल्या आणि पुढच्या गाडीनं आल्या. त्याला सात वर्षं झाली होती. गावातल्या सगळ्यांचे अबोले मोडणाऱ्या बाईचा स्वतःचा अबोला कुणाला मोडता आला नव्हता. "तुझ्या डब्यापायी निघाल्यात," थोरली म्हणाली. "संभाळून जा."

एस्टीत आक्का डबा मांडीवर घट्ट धरून बसल्या. हुपरीत गल्लीगल्लीतून चांदीच्या कामाची ठकठक येत होती. भावाचं घर म्हणजेच कारखाना. तो दारातल्या खोलीत पैंजणाची कडी जोडत बसला होता, तोंडात फुंकणी. त्यानं वर बघितलं, बहिणीला ओळखलं, आणि पुन्हा खाली बघितलं. भावजय आतून आली, तीही थिजली. आणि आक्का, ज्या कुणाच्याही घरात झाकणं उचलायच्या, त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

मी उभी राहिले त्यांच्यापुढं.  "मी ह्यांच्याकडची," मी म्हटलं. "माझं माहेर लांब आहे म्हणून आक्का मला इथं घेऊन आल्यात. मसाला आणलाय."

भावानं फुंकणी काढली. माझ्याकडं बघून म्हणाला, "तिला इचार, पाणी पिणार का."

"त्याला सांग, तहान न्हाय," आक्का म्हणाल्या. दोघांत दोन हातांचं अंतर होतं.

"तिला म्हणावं, क्यास पांढरं झालं."

"त्याला म्हणावं, तुझं तर गेलं."

पोहोचवायला काही उरतच नव्हतं, तरी मी दोघांच्या मधे बसून एकेक शब्द इकडून तिकडं नेत होते. भावजयीनं डबा उघडला, वास घेतला, चिमूट जिभेवर ठेवली. मग तीही मलाच म्हणाली, "वन्संस्नी इचार, आमच्या मिरच्या वाळवून ठेवल्यात. माझ्या हाताला भाजणी जमत न्हाय. उद्या भाजून देतील का?"

आक्कांनी लुगड्याचा काठ पुन्हा पुन्हा दुमडला. "तिला इचार, तिच्या घरात माझा हात चालंल का?"

भावजयीनं पदर डोळ्यांना लावला. मी विचारायच्या आधीच भाऊ बोलला, समोरच्या पैंजणाकडं बघत. "चालंल," तो म्हणाला. "तवाबी चालला असता. मीच गप बसलो."

आम्ही राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का भावाच्या चुलीपुढं मिरच्या भाजत होत्या, आणि भावजय हातात वाटी घेऊन गल्लीभर चव देत फिरत होती. "आमच्या वन्संचा मसाला," म्हणून सांगत होती. दुपारी डबा रिकामा झाला. कुणी पुढच्या वर्षासाठी सांगून ठेवलं, कुणी आत्ताच पाठवा म्हणाली. पण भाऊ-बहीण मात्र माझ्यामार्फतच बोलत होते. सात वर्षांची सवय एका रात्रीत कशी जाईल.

संध्याकाळी भाऊ स्टँडवर पोहोचवायला आला. आम्ही गाडीत बसलो, मी खिडकीशी, आक्का पलीकडं, समोर बघत. भाऊ खिडकीखाली उभा राहिला, गजाला हात धरून. गाडी सुरू झाली तेव्हा तो मला म्हणाला, "पोरी, दिवाळीला म्हायेराला ये. येताना तिलाबी घेऊन ये."

आक्कांनी मान न वळवता मला सांगितलं, "सांग त्याला, बघू म्हणावं."

मी खिडकीतून वाकले. "येतो म्हणाल्या," मी त्याला सांगितलं.